नाकाचं माप

चामराजपेट, ३ सप्टेंबर १९५८, बुधवार

साबणाच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी हार, नारळ आणि ही वही दिली. हार वाळला, नारळ वाटणात गेला, वही तेवढी उरली. सहा महिने कोरीच होती. लिहायचं काय? सकाळी कॉफी, दुपारी झोप, संध्याकाळी शेजारच्या भीमाचार्यांशी वाद. आज मात्र घडलं काहीतरी.

तानूबाई आल्या होत्या. म्हणजे माझ्या बायकोच्या, सोयराच्या, थोरल्या बहीण. मीही त्यांना अक्काच म्हणतो. के. आर. पुरमच्या पुढे मैलभरावर त्यांचं दोन एकर शेत आहे. यजमान गेल्यापासून बारा वर्षं एकट्या बघतात आणि दर थंडीत अवरेकाई, म्हणजे आपल्या वालाच्या शेंगा, काढतात. अवरेच्या सालीवर दंवाच्या दिवसांत एक तेलकट वास चढतो, त्याला इथे सोगडु म्हणतात. बेंगळूरची बाई शेंग आधी नाकाला लावते आणि मगच तागडीत टाकू देते. अक्कांच्या शेंगा बाजारात दोन तास टिकत नसत.

गेली दोन वर्षं मात्र मावा, हिरवे ढेकूण आणि शेंगा पोखरणारी अळी यांनी सगळं फस्त केलं. अक्कांचा मुलगा उमाकांत इथे शहरात कारकून आहे. वाईट नाही पोरगा, आईची कंबर वाकलेली त्याला बघवत नाही. एका कारखान्याला क्वार्टर्ससाठी जागा हवी आहे, त्यांना संक्रांतीपर्यंत उत्तर द्यायचंय. तो अक्कांना म्हणाला, "यंदा पीक नीट बाजारात गेलं तर शेत ठेव. नाहीतर संक्रांत झाली की जमीन देऊन टाकू आणि तू माझ्याकडे ये."

"त्याच्या त्या खोलीत बसून मी काय करू, हणमंतराव? भिंतीवर अवरे पेरू?" अक्का म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. मी त्यांना रडताना याआधी एकदाच पाहिलंय.

सगळे मारतात ती विषारी पावडर मारायला त्या तयार नाहीत. "मी बांधावर बसून कच्च्या शेंगा खाते, गाय साली खाते. तिला काय सांगू, धुऊन खा?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "अक्का, मी तेल काढून देतो. तुमच्या बांधावर एवढा मज्जिगे हुल्लु माजलाय, म्हणजे आपला गवती चहा. त्याचं तेल आणि वेखंडाचं तेल. माणसाला सुवास, किड्याला जाच. तीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

अक्कांचा चेहरा असा उजळला! "तुमच्यासारखं नाक साऱ्या म्हैसूर राज्यात नाही," त्या म्हणाल्या. सोयराने माझ्याकडे बघितलं, पेले उचलले आणि आत गेली.

४ सप्टेंबर

काल एक गोष्ट लिहायची टाळली. वहीशी कसली लपवाछपवी? लिहून टाकतो.

मला वास येत नाही. कसलाच येत नाही. गेल्या वर्षी फ्लूची ती मोठी साथ आली, मी पंधरा दिवस अंथरुणात होतो. उठलो तेव्हा नाक गेलेलं. चंदन, कापूर, गटार, सगळं सारखंच. कारखान्यात तेलाचा कस आम्ही शेवटी नाकानेच ठरवायचो. काचेचं माप नावाला, खरं माप माझ्या नाकाचं. शेवटचे महिने मी हाताखालच्या गुरुराजचं तोंड बघून काढले. त्याने नाक मुरडलं की मी म्हणायचो, "कच्चं आहे." त्याचे डोळे मिटले की म्हणायचो, "जमलं." निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की हणमंतरावांचं नाक कारखान्याची इस्टेट आहे. लाजेने मेल्यासारखं झालं मला.

कुणाला माहीत नाही. सोयरालाही नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. (दुसरी एक आहे, पण ती जुन्या सायकलीबद्दल आहे.)

बरं, तिला सांगायला सवड तरी कुठे मिळते? हल्ली तिची बडबड फार वाढलीय. पूर्वी दिवसाला दहा शब्द बोलायची बाई. आता चुलीपाशी बसली की सुरू. "फोडणीचा काय खमंग वास सुटलाय बघा!" "आज पारिजातक थेट उंबऱ्यापर्यंत आलाय हो!" "गटार तुंबलंय वाटतं, खिडकी लावा." मी आपला हूं हूं करतो. वय झालं की बायका बोलक्या होतात म्हणे.

१४ सप्टेंबर, रविवार

भट्टी मांडली! परसात तीन दगडांवर तांब्याचा हंडा, त्याच्या झाकणाला वाकवलेली तांब्याची नळी, नळी गार पाण्याच्या टाकीतून खाली बाटलीत. अक्कांनी गवताचे चार भारे पाठवले होते. वेखंड गल्लीच्या तोंडाच्या जडीबुटीच्या दुकानातून आणलं. सकाळी सातला जाळ घातला. दहाच्या सुमारास थेंब पडायला लागले, वर पिवळसर तेल, खाली पाणी. मला इतका आनंद झाला की मी बाटली नाकाला लावली. आणि आठवलं.

सोयरा शेजारीच बसली होती. म्हणाली, "अगंबाई, लिंबाच्या सालीसारखा पहिल्यांदा येतो आणि मग गवत कापल्यासारखा. हो ना?" मी म्हटलं, "हो तर." बरोबर सांगितलं तिने. कच्च्या तेलाचा वास असाच असतो. तिचं नाकही वाईट नाही, इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं.

भीमाचार्य भिंतीवरून ओरडले, "हणमंतराव, माझ्या संध्येच्या पाण्याला तुमचा चहा लागला!" मी म्हटलं, "प्या मग, साखर देऊ का स्वल्प?" तणतणत आत गेले. संध्याकाळी मात्र रात्री खाटेशी डास येऊ नयेत म्हणून चार थेंब मागून घेऊन गेले.

२१ सप्टेंबर

साबणाचा कीस गरम पाण्यात विरघळवला, त्यात तेल ओतून घुसळलं. दुधासारखं पांढरंशुभ्र झालं, तेल वर येत नाही. हा भाग मला डोळे मिटून येतो. प्रश्न तेल किती घालायचं हा. मी अंदाजाने घातलं. अजून घातलं. मग परसातल्या घेवड्याच्या वेलावर फवारलं. मावा पटापट गळून पडला, अगदी झाडून काढल्यासारखा. मी खूश. तिसऱ्या दिवशी बघतो तर वेलाची पानं कडेने जळून तपकिरी.

सोयरा म्हणाली, "माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं त्या दिवशी. मी पुरे पुरे म्हणत होते." मी चिडलो. "तू काय कारखान्यात होतीस?" म्हटलं.

ती चिडली नाही. तिने पदर खोचला आणि तेलाची बाटली आपल्या हातात घेतली. "असं करूया, मी ओतते, तुम्ही घुसळा. तुमचे हात दुखतात ना ओतताना." माझे हात कधी दुखले? पण हौस दिसली तिची, म्हटलं शिकू दे. ती थेंब थेंब सोडते, भांड्यावर तोंड नेऊन थांबते, पुन्हा सोडते. मग म्हणते, "झालं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?" मी खोल श्वास घेऊन म्हणतो, "झालं." तीन दिवस त्या मिश्रणाने एक पान जळलं नाही आणि मावा मेला. शिकवलं की शिकते बाई.

१२ ऑक्टोबर, रविवार

अक्कांच्या शेतावर तिसरी फवारणी. आम्ही दोघं पहाटेच्या गाडीने जातो, स्टेशनपासून चालत. सोयरा डोक्यावर डबा घेते, मी खांद्यावर पंप. कोवळ्या शेंड्यांवर मागच्या वेळी मावा काळा थर धरून बसला होता. आज शेंडे हिरवेगार. मी एकेक पान उलटून बघितलं, मिशी जमिनीला टेकेपर्यंत वाकून. अक्का हसत होत्या. "देवाला नमस्कार केला नाही एवढा माझ्या अवरेला करताय."

बांधावर बसून भाकरी खाल्ली. सोयराने तिच्या वाटणीची चटणी माझ्या पानात सारली, नेहमीसारखी. इतकं बरं वाटलं मला. कारखाना सुटल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझी वाट बघतंय असं वाटलं.

१६ नोव्हेंबर

फुलं गळून शेंगा धरल्या. उमाकांत बघून गेला. पन्नास शेंगा मोडून बघितल्या त्याने, एकीत अळी सापडली. "काका, मानलं तुम्हाला. पण बाजार दाखवा मला, मग बोलू." सरी, बरं तर, दाखवतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हुबळीहून तार. आमची लेक भाग्यलक्ष्मी पायरीवरून पडली, पाय मोडला, घरात दोन लहान पोरं. सोयरा आज रात्रीच्या गाडीने निघाली.

निघताना औषधाचा छोटा पेला हातात दिला. त्यावर बाहेरून कुंकवाची लाल रेघ ओढलेली. "एका डब्याला या रेघेपर्यंत तेल. वर एक थेंब नाही. आणि शेंगा भरायला लागल्या की फवारणी बंद करायची, ऐकताय ना? वास बसेल शेंगांना."

पोरासमोर खेळणं ठेवावं तसा तो पेला! तीस वर्षं ज्याच्या नाकाने कारखाना चालला त्याला कुंकवाची रेघ! माझं तोंड वाकडं झालंच असणार. तिने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या कोटाची गुंडी लावली. म्हणाली, "दूध चुलीवर ठेवलंत तर तिथेच उभे राहा. लांब जाऊ नका."

१ डिसेंबर

दूध जळलं. मी पुढच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. भीमाचार्य सोवळ्यातच धावत आले, "अहो, घराला आग लागली की काय! सगळ्या गल्लीला वास आला, तुम्हाला नाही आला?" म्हटलं, सर्दी झालीय.

घर अगदी मुकं झालंय. आज पारिजातक पडला की नाही कोण जाणे. ती बडबड करते तेव्हा कटकट वाटते, आणि आता बघा, कान तिकडेच लागलेत.

६ डिसेंबर, शनिवार

चार दिवस आभाळ भरलेलं, दंव नाही. त्याने हिरवे ढेकूण उठले. अक्कांचा निरोप आला आणि मी धावलो. शेंगांवर रांगा लावून बसलेत, सोंड खुपसून रस पितायत. अक्का हवालदिल. "हणमंतराव, आठ दिवसांवर तोडणी, आता काय करू हो?"

कुंकवाच्या रेघेने काय होणार? पेला खिशात ठेवला आणि बाटलीतून सरळ ओतलं. वास येत नाही तर कळणार कसं, म्हणून हाताच्या सवयीने ओतलं. कारखान्यातल्या घाण्याला ओतायची सवय ती. शेंगा भरत होत्या हे दिसत होतं, पण ढेकूण समोर असताना हात बांधून बसू? पानं आता जून आहेत, जळणार नाहीत. सगळं शेत दोनदा फवारलं. मंगळवारी पुन्हा येईन.

९ डिसेंबर, मंगळवार

ढेकूण साफ! एक नाही! जमिनीवर उताणे. मी पुन्हा एकदा फवारून घेतलं, नको उगाच धोका. शेंगा अशा टपोऱ्या, डागविरहित की हात लावावासा वाटत नाही. सोयरा असायला हवी होती.

१३ डिसेंबर, शनिवार

उद्या बाजार. आज तोडणी. मी सकाळपासून अक्कांकडे आहे. दहा पोती भरली.

पोती शिवताना अक्कांनी एक शेंग माझ्यापुढे धरली. "हणमंतराव, सोगडु चढलाय का हो? आठवडाभर या तेलात वावरतेय, माझं नाक बधिर झालंय. मला सगळंच गवती चहा वाटतं, भाकरीसुद्धा. तुम्ही सांगा. तुम्ही चढलाय म्हणालात तर पाठवते, नाहीतर थांबू."

मी शेंग घेतली. नाकाला लावली. डोळे मिटले, गुरुराज मिटायचा तसे. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सांगता आलं असतं. दोन शब्द होते फक्त.

"फक्कड सोगडु," मी म्हणालो. "बिनधास्त पाठवा."

१४ डिसेंबर, रविवार

बाजारात गंगव्वा बसते, वीस वर्षं अक्कांची अवरे तीच विकते. पोतं ओतल्याबरोबर बायकांचा घोळका जमला. असा माल या मोसमात कुणी पाहिला नव्हता, एका शेंगेला भोक नाही. मी छाती काढून उभा. उमाकांतही आला होता.

पहिल्या बाईने शेंग नाकाला लावली. खाली ठेवली. दुसरी घेतली, मोडली, हुंगली. शेजारणीच्या नाकाशी धरली. ती कानडीत म्हणाली, "अय्यो, याला अंगाच्या साबणाचा वास येतोय!" आणि हसत पुढे गेल्या. तिसरी, चौथी, सगळ्या तशाच. गंगव्वाने स्वतः हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. "अण्णा, हे काय केलंत? हे कोण घेणार?"

भाव पाडला, तरी कुणी घेईना. फुकट द्यायची म्हटली तरी नको. दहाही पोती तशीच परत नेली. गोठ्यात साली टाकल्या तर गाईनेसुद्धा तोंड फिरवलं.

उमाकांत आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, झालं तेवढं पुरे." अक्का फक्त एवढंच म्हणाल्या, "पण हणमंतराव, तुम्ही तर म्हणाला होतात." रागावून नाही. खरंच कोडं पडल्यासारख्या.

१५ डिसेंबर

जेवलो नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

सोयरा आली. लेकीचा पाय सांधायला लागलाय, घर बघायला तिची सासू आलीय. दारातच तिने सामान खाली ठेवलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं?"

सगळं सांगितलं. कोठीच्या खोलीत, पोत्यावर बसून, छप्पन्न वर्षांचा बाप्या मी, आणि रडलो. म्हटलं, "मी अक्कांशी खोटं बोललो. मला वास येतच नाही, सोयरा. दीड वर्ष झालं. फ्लूपासून नाक मेलंय माझं. तुझ्यापासूनसुद्धा लपवलं."

ती माझ्यासमोर खाली बसली. "मला माहीत आहे," म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"फ्लूमधून उठलात त्या आठवड्यात माझ्या हाताला रॉकेल लागलं होतं आणि दोश्याच्या पिठात गेलं. घरभर वास. मी तुमचं ताट ओढून घ्यायला आले तर तुम्ही म्हणालात, अजून एक घाल. त्या दिवशी मागच्या दारी जाऊन मी खूप रडले बघा. मग म्हटलं, तुम्ही सांगत नाही तर नको. मीच सांगत जाईन."

"काय सांगत जाशील?"

"जे जे येतंय ते."

मी उठलो. मग ही वही आणली आणि मागची पानं उलटून बघितली. फोडणी. पारिजातक. गटार. लिंबाची साल आणि मग कापलेलं गवत. "झालं वाटतं, तुम्हाला काय वाटतं?" आणि मी गाढव, लिहिलंय काय, तर बडबड वाढलीय! माझे हात दुखतात म्हणे! तिला वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग रुसली. "शिकवलं की शिकते बाई? असं लिहिलंत?" तिने वही माझ्या डोक्यात मारली. मारली ती बरी मारली.

मग उठून म्हणाली, "चला."

"कुठे?"

"अक्काकडे. तिला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

१८ डिसेंबर

सांगितलं. उमाकांतसमोर सांगितलं. उमाकांत नखं बघत बसला. अक्का चुलीपुढून हलल्या नाहीत.

"पीक गेलं असतं तर मी रडले असते आणि गप्प बसले असते," त्या म्हणाल्या. "किड्याने खाल्लं म्हणाले असते. पण मी शेंग तुमच्या हातात दिली होती, हणमंतराव. तुमच्या हातात."

त्यांनी सोयराला कॉफी दिली, उमाकांतला दिली. मला दिली नाही. बरोबरच आहे.

सोयरा कॉफी न पिता शेतात गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा पदरात शेंगा होत्या. "अक्का, शेंड्याकडच्या शेंगा अजून कोवळ्या आहेत. अर्धं पीक वेलावरच आहे तुझं. तेल उडून जातं, टिकत नाही, हे यांनीच मला शिकवलंय. फवारणी आजपासून बंद. आभाळ मोकळं झालंय, दंव पडेल. आधी हा वास उतरेल, मग सोगडु चढेल."

"आणि चढला हे कळणार कुणाला?" अक्कांनी विचारलं. "माझं नाक गेलं कामातून, यांचं तर आहेच असं."

"मी रोज येईन. घरून, डोक्यात फूल न माळता."

उमाकांत म्हणाला, "मावशी, तोवर शेंगा जून होतील. निबर अवरे कोण घेतं?"

"होतील किंवा नाही होणार. संक्रांत कधी आहे?"

"चौदाला."

"मग तोवर तू गप्प बस."

२४ डिसेंबर

सातवा दिवस. रोज पहिली गाडी. ती वाफ्यात शिरते, मी बांधावर उभा. ती एक शेंग मोडते, नाकाशी नेते, माझ्याकडे बघून मान हलवते. अजून गवती चहा. सोमवारी "निम्मा" म्हणाली. मी शेंगा दाबून बघतो, दाणा किती भरला ते बोटाला कळतं. खालच्या फांद्यांवरच्या निबर व्हायला लागल्या. आणखी आठवडा, फार तर दहा दिवस टिकतील.

अक्कांनी आज माझ्यापुढे कॉफीचा पेला ठेवला. मी तो चटका बसेल इतका गरम प्यायलो.

२८ डिसेंबर, रविवार

रात्री कडाक्याची थंडी होती. सकाळी वेलांवर दंव इतकं की माझं धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं. सोयरा वाफ्यात गेली. शेंग मोडली. थांबली. दुसरी मोडली. मग तिथूनच ओरडली, "अक्का! ए अक्का!" आणि नुसती शेंग हातात धरून उभी. मी चिखलातून पळत गेलो. "काय? काय येतंय?"

"तुम्हाला सांगू की आधी तिला सांगू?" म्हणाली. डोळे भरलेले तिचे.

४ जानेवारी १९५९

साडेसहा पोती. गंगव्वा आधी घ्यायलाच तयार नव्हती. "अण्णा, पुन्हा साबण नको." सोयराने तिच्या हातात शेंग दिली. गंगव्वाने हुंगली. मग तिने पोतं स्वतःच्या हाताने ओतलं.

मी यावेळी शेंगांकडे बघितलंच नाही, बायकांच्या तोंडाकडे बघत होतो. पहिली बाई. शेंग नाकाशी गेली. तिचे डोळे मिटले. तिने परडी पुढे केली. मग दुसरीने केली. मग कुणी कुणाला हुंगू देईना, नुसती ओढाओढ. नऊ वाजायच्या आत पोती रिकामी. उमाकांत एक शेंग हातात घेऊन उभा होता. ती त्याने खिशात टाकली आणि मला म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी तेल मोजून घाला." मी कोटाच्या खिशातून तो कुंकवाच्या रेघेचा पेला काढून त्याला दाखवला.

१४ जानेवारी, संक्रांत

अक्का तिळगूळ, ऊस आणि टोपलीभर शेवटची अवरे घेऊन आल्या. उमाकांतने कारखान्याच्या लोकांना जमीन देत नाही म्हणून कळवलंय. अक्कांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. मी गोड बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "गोड नका बोलू. खरं बोला, पुष्कळ झालं." भीमाचार्य सगळ्यांत मोठ्याने हसले.

दुपारी आम्ही दोघं ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो. सोयराने एक साल माझ्या नाकाशी धरली. "येतोय?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही गं."

"मग ऐका." तिने साल आपल्या नाकाशी नेली. "तूप कढवल्यासारखा. आणि खाली काहीतरी हिरवं, पाणी घातलेल्या मातीचं."

"तूप नव्हे," मी म्हटलं. "तुपाची बेरी. कढईच्या तळाला राहते ती."

तिने पुन्हा हुंगलं. "हो की! बेरीच."

मग दुसरी साल उचलली आणि विचारलं, "आणि हिचा?" मी म्हटलं, तू आधी सांग. संध्याकाळपर्यंत टोपली संपली, ती सांगत होती आणि मी तिच्या चुका काढत होतो.